देवाच्या कोंबड्याची मान

डबी उघडल्याबरोबर दिनानाथ चुरीनं आधी फ्लिट फवारायचा पंप शोधला.

डबी अ‍ॅल्युमिनियमची, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. साहेबाच्या मासेमारीच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलेली. पिशवी झाडूनपुसून उन्हात घाल, रविवारी सूर्या नदीवर जायचंय, सगळी तयारी तू बघ, असं साहेब मुंबईला जाताना सांगून गेला होता. आणि डबीत काय, तर ओळीनं बसलेले किडे. काही तांबूस, काही काळे, काही पंखवाले. दोनतीन तर साक्षात डास, लांब पाय पसरून बसलेले.

दुसरा कोणी असता तर झाकण लावून गप्प बसला असता. पण दिनानाथनं उमेदीची सगळी वर्षं हिवताप खात्याच्या फवारणी पथकात काढली होती. चिंचणीपासून मनोरपर्यंत असं झोपडं नसेल, ज्याच्या कुडावर त्यानं डी.डी.टी. मारली नाही. मडक्यात, पिंपात, फुटक्या कौलात, जिथं किडा दिसेल तिथं तो मारायचा, हे त्याच्या हातांना शिकवलेलं होतं. त्यात डोक्याला विचारायची पद्धत नव्हती. त्यानं पंपाचे चार दणदणीत फुसकारे मारले. किडे हलले नाहीत. ‘मेले,’ असं म्हणून तो समाधान पावला. मग पथकाच्या शिस्तीप्रमाणे मेलेला माल त्यानं कपडे उकळायला पेटवलेल्या बंबाच्या विस्तवात उपडा केला, डबी साबणानं धुतली, आणि कठड्यावर वाळत घातली.

बंबातून केस जळल्यासारखा वास आला तेव्हा त्याला पहिली शंका आली. डासांचा असा वास येत नाही. आपल्या तालुक्यात डास जाळण्याचा अनुभव त्याच्याइतका कोणालाच नव्हता, त्यामुळे शंका रास्त होती. पण कपडे उकळत होते, मग इस्त्री होती, मग बाग होती. शंका तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबाची राख काढताना त्याच्या अंगठ्यात काहीतरी रुतलं. पाहतो तर गळ. भाताच्या तुसाएवढा गळ. राख चाळली तर आणखी निघाले, काळेठिक्कर पडलेले, मूठभर.

तेव्हा कुठं दिनानाथच्या डोक्यात प्रकाश पडला. पावसाळा संपल्यापासून साहेब रोज संध्याकाळी बंगल्यामागच्या गवतावर एक लवचिक काठी घेऊन उभा राहायचा आणि लांबच लांब दोरी हवेत मागंपुढं फिरवायचा. पाण्याचा थेंब नसताना हा माणूस कशाला मासे धरतोय, हे दिनानाथनं विचारलं नव्हतं. पगारदार माणसानं विचारू नये अशा गोष्टींत ते बसत होतं. एकदा साहेबानंच त्याला जवळ बोलावून टोपीत खोवलेला एक किडा दाखवला होता आणि बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं होतं. दिनानाथ प्रत्येक वाक्याला ‘यस सर’ म्हणाला होता. त्याचं इंग्रजी तेवढंच होतं, आणि आजवर तेवढ्यावर भागलंही होतं.

म्हणजे ते किडे नव्हतेच. गळावर पिसं नि रेशीम बांधून केलेले, माशाला फसवायचे किडे होते. माशाच्या आधी दिनानाथ फसला होता, एवढंच.

आता ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती, जर दिनानाथची नोकरी पक्की असती. ती कच्ची होती. वीज केंद्राच्या बांधकामावर आलेल्या गोऱ्या इंजिनिअरांच्या बंगल्यांवर जी माणसं ठेवली होती, त्यांतली कोणती कायम करायची हे दिवाळी झाली की ठरणार होतं, आणि ते ज्या-त्या साहेबाच्या शब्दावर. दिनानाथचा साहेब हॅन्सन. उंच, अबोल, भुवयासुद्धा पांढऱ्या. हा माणूस हसतो कधी नि चिडतो कधी, हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळायची सोय नव्हती.

आणि दिनानाथचा नोकऱ्यांचा इतिहास काही बरा नव्हता. फवारणी पथकात त्यानं इतकं जीव तोडून काम केलं की हिवताप हटला, आणि हिवताप हटला म्हणून पथकातली माणसं कमी केली. मग तो सातपाटीला बर्फाच्या कारखान्यात लागला. तिथं मालकांच्या भावाभावांत जुंपली आणि कारखाना बंद पडला. चिंचणीत पारावर बसणारी मंडळी तेव्हापासून म्हणायची, “दिनानाथ कुठं लागला की तिथं कुलूप लागतं. आता त्या वीज केंद्राला तरी संभाळ रे बाबा, सरकारचा पैसा हाय.” तोही हसायचा. पण बायको मंजुळा हसायची नाही. वाडीतला मोगरा, अबोली बांधून तिनं दोन्ही वेळा घर ओढलं होतं. तिसऱ्यांदा ओढणार नाही, असं ती तोंडानं म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर बरं, असं दिनानाथला वाटायचं.

राख चाळता चाळता त्याच्या डोळ्यांपुढं दिवाळीनंतरचे दिवस उभे राहिले. आणि मग एकदम टोपी आठवली.

टोपी खुंटीवर होती. टोपीत एक किडा होता. जगातला शेवटचा.

*

टोपी बंगल्याबाहेर न्यायची म्हणजे फाटकावरून जायचं, आणि फाटकावर चंद्रभान. चंद्रभान नाशिककडचा, मिश्या राखलेला, पहाऱ्यापेक्षा चौकशीचा शौकीन. दिनानाथनं टोपी पोटाशी धरून वरून सदरा घातला आणि सायकल हातात धरून तोंड दुसरीकडे करून चालू लागला.

“दिनाभाऊ,” चंद्रभान म्हणाला, “सकाळी तर पोट नव्हतं तुम्हाला.”

“वारा धरलाय.”

“वाऱ्याला कड कशी काय आली? गोल?”

दिनानाथला घाम फुटला. तो म्हणाला, “साहेबाची टोपी हाय. धुवायला नेतोय. बायको धुते चांगली.”

“मग अशी पोटात घालून? धुणं न्यायची ही कोणती तऱ्हा? आमच्याकडं डोक्यावर नेतात.” चंद्रभान मिशीत हसला. “जा, जा. पण साहेब यायच्या आत खुंटीला लागू द्या. मला विचारलं तर मी खरं सांगणार. आपली पण नोकरी आहे.”

ह्या शेवटच्या वाक्यानं दिनानाथचं उरलंसुरलं अवसान गळालं. चिंचणीपर्यंत त्यानं सायकल अशी मारली, की तारापूरच्या नाक्यावर ओळखीच्या माणसानं ‘कोण आजारी?’ म्हणून विचारलं.

मंजुळा पडवीत वेण्या बांधत बसली होती. पुढ्यात अबोलीचा ढीग, पायाच्या अंगठ्याला केळीच्या सोपटाचा दोर अडकवलेला. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात वेणीवर चालूच. दिनानाथला हे फार वाईट लक्षण वाटलं.

“पंप मारलात?” ती शेवटी म्हणाली.

“मारला.”

“मेलेल्यांवर?”

“आता तेच घेऊन बस.”

“नाय, मी म्हनते, हलत नाय म्हटल्यावं तरी थांबायचं. चार येळा कशाला मारायचा? फुकटचं फ्लिट.” असं म्हणून तिनं टोपी ओढून घेतली आणि किडा काढून नखावर ठेवला. तो उजेडाकडे धरला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. फुंकर मारली. दिनानाथ तिच्या तोंडाकडे पाहत होता, लग्नात पाहिलं नसेल एवढं.

“ही तर वेणी हाय ओ,” मंजुळा म्हणाली. “गळाभवती पीस गुंडाळलंय. आमी देठ धरतो तसा दांडा धरलाय नि शेवटाला फास मारून आत ओढलाय. गाठ कुठं दिसत नाय. कोनी बांधलंय, पन चांगलं बांधलंय मेल्यानं.”

“बांधशील?”

“वस्तू आनून द्या.”

वस्तू म्हणजे रेशीम, ते होतं. किड्याच्या पोटाला मोरपिसाचा तंतू. तो देव्हाऱ्यातल्या मोरपिसांच्या कुंच्यातून उपटला, देवाला हात जोडून. त्यावरून गुंडाळायला सोनेरी तार. त्यासाठी मंजुळानं ट्रंकेतून लग्नाचा शालू काढला, पदराच्या कोपऱ्यातली जर सुईनं उसवली आणि एवढंच म्हणाली, “साहेबाची मासळी शालू जेवनार म्हना की.” दिनानाथनं मान खाली घातली. गळ त्यानं चिंचेनं घासले. ते काही पहिल्यासारखे चकाकेनात, पण काळे पडले तरी गळ तो गळच, असा त्यानं विचार केला. हा विचार त्याला पुढं चांगला महागात पडायचा होता.

राहिली पिसं. शेजारच्या कोंबड्यांची गोळा केली. मंजुळानं एक किडा बांधला. दिसायला हुबेहूब. तो परातीतल्या पाण्यात सोडला तर पावसात भिजलेल्या मांजरासारखा चिपकून बुडाला. साहेबाचा किडा सोडला तर तो पिसांच्या टोकांवर उभा राहिला, पाण्याला पोट न लावता.

“पीस ताठ हवं,” मंजुळा म्हणाली. “मानेचं. नि कोंबडा जुना हवा. कोवळ्याचं असंच लोळनार.”

“मग आणतो जुना कोंबडा.”

“आना. जुना कोंबडा कुनी ठेवलाय? मानेला रंग आला की सुरीखाली जातो तो. मुरब्यापासून वाणगावपर्यंत सगळे खाऊन बसलेत.” मग तिनं वेणीचा दोर पुन्हा अंगठ्याला अडकवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, “देवाला बोललेला असला तरच वाचतो.”

*

देवाला बोललेला कोंबडा भिकाकडे होता.

भिकाचा पाडा नागझरीच्या पुढं, सूर्या नदीच्या कडेला. साहेबाला मासे कुठं आहेत ते दाखवायला भिकालाच सांगायचं ठरलं होतं, त्यामुळे दिनानाथला तिकडे जावं लागणारच होतं. बोईसर ओलांडून तो निघाला, तो सारी वाट मनात बोलणी जुळवत. डोंगराच्या कडेचं भात कापणीला आलं होतं. पाड्याच्या अलीकडे वाटेवर एका ऐनाच्या झाडाखाली वाघोबा होता: उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ, सूर्य नि चंद्र, अंगभर शेंदूर. फवारणीच्या दिवसांत दिनानाथ पाठीवर टाकी घेऊन ह्याच्यासमोरून शेकडो वेळा गेला होता. देवाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. देवही आपल्याकडे पाहतोय असं त्याला वाटलं, आणि ते काही बरं वाटलं नाही.

भिकाची बायको ठकी अंगणात नवं भात वाळवत होती. तिनं मान वर न करता आत आरोळी दिली, “आलाय तुजा दवावाला.”

“काय ठकीबाय, बरं हाय ना?”

“बरं हाय. भिंत बरी नाय.” ठकी मान वर करून म्हणाली. “माज्या पोरीच्या लग्नाचा चौक लिवला होता भिंतीवं. तांदळाच्या पिठानं. देवी बसवली होती. तू आलास नि वरनं दवा मारलास. देवी पांढरी, घोडा पांढरा, समदा पांढरा. इसरलास?”

दिनानाथ विसरला होता. पण ह्या वेळी नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. तो म्हणाला, “सरकारचा हुकूम होता, बाय.”

“सरकारचा हुकूम, नि डास अजून चावतात.”

तेवढ्यात भिका आला, आणि त्याच्या मागून, राजानं दरबारात यावं तसा, कोंबडा आला. तांब्याच्या हंड्याला चिंच लावून घासलं की जो रंग येतो तो त्याच्या मानेचा. मानेवरची पिसं लांब, निमुळती, एकेक वेगळं चमकणारं. साहेबाच्या टोपीतला किडा त्या मानेवर जिवंत होऊन फिरत होता.

आधी त्यानं रविवारचं ठरवून घेतलं. साहेब जीपनं येणार, डोह भिकानं दाखवायचा, जाळं नको, विष नको, साहेब काठीनं धरणार.

“गळाला काय लावतो? गांडूळ?”

“पीस लावतो.”

भिकानं ठकीकडे पाहिलं. ठकीनं भिकाकडे पाहिलं.

“पीस? मासा पीस खातो?” भिका म्हणाला. “मासा काय कोल्हा हाय? आनि साहेब एवढ्या लांबून, इमानात बसून, माशाला पीस चारायला आला?”

“त्याच्यासाठीच मला तुझ्या कोंबड्याची...”

“नाय.”

“पुरतं ऐक तरी.”

“नाय म्हंजे नाय. तो वाघोबाचा हाय.” भिकाचं हसणं मावळलं. “गेल्या साली रानात वाघरानं गाय धरली होती. मी वाघोबाला बोललो, सोड, तुला तांबडा कोंबडा देतो. गाय आली परत. मानेला दात लागलेले, पन आली. तवापास्नं हा देवाचा. वाघबारशीला द्याचा. तवर त्याचं एक पीस मोडायचं नाय. मोडका देवाला चालतो का?”

दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस पुढच्या आठवड्यात होती. साहेबाची फेरी ह्या रविवारी. दिनानाथ ओट्यावर बसला. सगळं बोलायचं जुळवून आणलेलं डोक्यातून उडालं आणि जे खरं होतं तेच तोंडातून आलं: पंप, बंब, राख, दिवाळीनंतरची नोकरी, मंजुळा.

ठकी आधी लक्ष देत नव्हती, ती ‘बंब’ म्हटल्यावर हसायला लागली ती थांबेना. “म्हंजे साहेबाच्या देवीवं पन मारलास दवा!” भिकाही हसला. पण हसून झाल्यावर तो उठला, चार दाणे तांदूळ घेतले आणि देवाला कौल लावायला झाडाकडे चालू लागला. दिनानाथ मागून.

वाघोबाच्या दगडावर भिकानं दोन दाणे डावीकडे, दोन उजवीकडे चिकटवले आणि देवाशी बोलायला लागला. शेजाऱ्याशी बोलावं तसा. “हा दवावाला. तू वळखतो. येडा हाय पन लबाड नाय. ह्याला मानेची पिसं पायजेत. तू म्हनशील तसं.” मग दोघं उभे राहिले. वाऱ्यानं झाड हललं. दिनानाथ दाण्यांकडे पाहत होता, शाळेच्या निकालाकडेही त्यानं असं पाहिलं नव्हतं. उजवीकडचा दाणा पडला.

“देव म्हनतो, घे,” भिका म्हणाला. “पन त्याला दुसरा दे. तांबडाच. आरवनारा. बारशीच्या आत.”

“देतो,” दिनानाथ म्हणाला. कोंबडा कुठून आणायचा हा विचार नंतरचा होता.

“नीट बोल. देवाच्या तोंडाकडं बघून बोल.”

दिनानाथ दगडाकडे पाहून बोलला.

“झालं,” भिका म्हणाला. “आता तुजं नि त्याचं. सायकलनं येतोस त्या वाटेवंच त्याचा फेरा असतो, म्हंजे इसरायची भीती नाय.”

पिसं उपटताना कोंबड्यानं दिनानाथच्या मनगटाचा असा लचका काढला की ठकीला भिंतीचा सूड मिळाल्यासारखं झालं. तिनं स्वतः होऊन जखमेवर हळद दाबली.

*

मंजुळानं किडे बांधले. फुलं तशीच पडून सुकली, त्या दिवशी चिंचणीच्या बाजारात तिची वेणी गेली नाही. काम संपता संपेना, आणि इकडे साहेब संध्याकाळी यायचा तो दुपारीच आला.

बंगल्यावर परत येऊन दिनानाथ नवे किडे डबीत ओळीनं लावत होता तेव्हा फाटकात जीप वाजली. डबी पिशवीत गेली. टोपी मात्र हातात राहिली, कारण खुंटी दिवाणखान्यात आणि साहेबही दिवाणखान्यात. दिनानाथनं दुसरं काही न सुचून टोपी मोरीतल्या बादलीत बुचकळली.

“दीना! माय हॅट?”

“वॉशिंग, सर!” निथळती टोपी वर धरून दिनानाथ म्हणाला. किडा टोपीत होता, देवाची कृपा. साहेबानं टोपीकडे पाहिलं, दिनानाथकडे पाहिलं, मनगटावरच्या हळदीकडे पाहिलं. “टुमॉरो. रेडी?”

“यस सर.”

त्या रात्री दिनानाथला झोप लागली असेल असं कोणी समजू नये.

आणि रविवारी सकाळी सूर्या नदीच्या काठी साहेबानं डबी उघडली.

पाणी पावसाळा विसरून निवळलेलं. डोहाच्या वरच्या अंगाला खडकांतून धार उतरत होती. भिका कानावर विडी ठेवून उकिडवा बसला होता. साहेबानं डबी डोळ्यांजवळ नेली. एक किडा उचलला. ठेवला. दुसरा उचलला. दिनानाथ हातात थर्मास धरून उभा होता. आधी डबीत तांबूस होते, काळे होते, डासासारखे होते, आणि आता सगळे एकाच मानेचे, हे आंधळ्यालासुद्धा कळलं असतं. साहेबानं एक भुवई वर केली. पण तेवढ्यात डोहाच्या मध्ये एक मासा उसळला, आणि साहेबाचं सगळं लक्ष तिकडे गेलं. माशानं दिनानाथचा जीव वाचवला, निदान पाव तासापुरता.

दोरी हवेत मागं गेली, पुढं गेली, आणि मंजुळाचा किडा पाण्यावर उतरून पिसांच्या टोकांवर उभा राहिला. भिका विडी पेटवायची विसरला.

पहिला मासा बोटभर. साहेबानं तो सोडून दिला. “सोडला?” भिका कळवळून म्हणाला, “घरी पोरं हायत, मला दे की.” दुसरा वीतभर, तोही सोडला. भिकानं कपाळाला हात लावला. दिनानाथला मात्र पहिल्यांदाच पोटभर श्वास आला. चाललं म्हणायचं. वेणी चालली, देवाची पिसं चालली. दिवाळीनंतरचे दिवस त्याच्या डोळ्यांपुढं पुन्हा आले, आणि ह्या वेळी त्यात दिवाळीही होती.

मग खालून मोठा आला.

पाणी फुगलं, किडा नाहीसा झाला आणि काठी अर्धी वाकली. “खडस! खडस हाय!” भिका ओरडत उभा राहिला. सोनेरी खवल्यांची एक पाठ पाण्यावर आली नि गेली. साहेब गुडघाभर पाण्यात उतरला, कधी न बोलणारा माणूस काय काय बोलू लागला. दोरी डोहभर पळत होती. भिका काठावरून पळत होता. दिनानाथ जागेवर उभा राहून, ज्या देवांची नावं येत होती ती सगळी घेत होता.

आणि काठी सरळ झाली. एकदम. दोरी हलकी होऊन परत आली.

साहेबानं टोकाचा किडा हातात घेतला. पिसं जागच्या जागी, शालूची जर जागच्या जागी. गळ मात्र सुईसारखा सरळ. साहेबानं डबीतला दुसरा काढला आणि दोन बोटांत दाबला. तो वाकला, ओल्या काडीसारखा. बंबाच्या विस्तवानं लोखंडाचा ताठा कधीच काढून घेतला होता.

साहेबानं टोपी काढून खडकावर आपटली. इंग्रजीत तो जे बोलला त्यातलं ‘यस सर’ म्हणण्याजोगं काही नव्हतं.

“साब,” दिनानाथ म्हणाला. “वो पहलेवाला सब जल गया. मैंने जलाया. बंब में. मुझे लगा मच्छर है.” आणि साहेबाला बंब कळणार नाही म्हणून त्यानं हातानं पंप मारून दाखवला, मग खाली विस्तव फुंकून दाखवला.

साहेबानं सगळं पाहिलं. मग धारेच्या कडेनं खाली चालत गेला आणि पाठ करून एका खडकावर बसला.

“माशासाठी रडतो काय?” भिकानं हळूच विचारलं.

“मला काय माहीत.”

“तू नको रडू. मासा काय तुजा व्हता?”

दिनानाथ रडत नव्हता. तो मंजुळाला काय सांगायचं ते जुळवत होता, आणि जुळत नव्हतं. थर्मासमधला चहा कोमट झाला. साहेबाची पाठ हलेना.

शेवटी साहेब उठून आला आणि खडकावरची टोपी उचलून त्यानं डोक्यावर घातली. तळहातावर तोच किडा. त्यानं बोटानं पिसं मागं दाबून सोडली. ती टणकन उभी राहिली. “हुक बॅड,” तो म्हणाला. “फ्लाय गुड. व्हेरी गुड. कौन बनाया?”

“मेरी... घरवाली, साब.”

साहेबानं पिशवी ओढली आणि बाजूच्या कप्प्याचं बटण उघडून त्यातून कागदी पुड्या काढल्या. पुड्यांत कोरे, चकचकीत गळ. ढिगानं. डबीचा घोटाळा झाल्यावर दिनानाथनं कानाला खडा लावला होता, की ह्या पिशवीतलं आता काही म्हणता काही उघडायचं नाही. तो कप्पा त्यानं बाहेरून तीनदा पुसला होता. तो तिथंच खाली बसला.

“नेक्स्ट संडे,” साहेब म्हणाला आणि पुड्या त्याच्या मांडीवर टाकल्या. मग परत फिरून बोट दाखवून म्हणाला, “नो पंप.” तो हसला का, ते टोपीखाली दिसलं नाही. भिका म्हणतो हसला. पण मासे सोडून देणाऱ्या माणसाबद्दल भिकाचं मत फारसं धरता येत नाही.

*

दिवाळीनंतर ऑफिसातून विचारणा झाली. साहेबानं काय सांगितलं कोण जाणे, पण दिनानाथ अजून तिथंच आहे आणि वीज केंद्राला कुलूप लागलेलं नाही. पारावरची मंडळी ह्याला चमत्कार मानतात. साहेबाच्या ओळखीचे आणखी दोन गोरे हल्ली मंजुळाकडून किडे बांधून नेतात. वेणीपेक्षा हे बरं, कोमेजत नाही, असं ती म्हणते. शालूचा पदर मात्र आता पुष्कळ आखूड झालाय.

राहिला वाघोबा. त्या बारशीच्या आधी दिनानाथनं बोईसरचा बाजार पालथा घातला, पालघर पाहिलं. तांबडा, आरवणारा कोंबडा मिळाला नाही. सणाच्या तोंडावर कोण ठेवतो? शेवटी भिकानं आपलाच कोंबडा देवापुढं नेला, उघड्या मानेचा, थंडीत गळपट्टा हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसणारा. देवाला म्हणाला, “बाकी समदा माजा. मान दवावाल्याकडनं घे.”

तेव्हा दिनानाथनं एक तांबडं पिल्लू आणलं. स्वतःच्या ताटातलं चारून, मुंगसापासून राखून वाढवलं. त्याच्या मानेला रंग येतोय का हे तो रोज कामावर जायच्या आधी पाहायचा. एका सकाळी पिल्लानं अंडं घातलं. मंजुळा अजून मधूनच विचारते, “तुमचा कोंबडा आरवला का ओ?”

साहेबाच्या कामानं त्याला अजूनही पाड्यावर जावं लागतं. ऐनाचं झाड दिसलं की तो सायकलवरून उतरतो आणि चालत जातो. दगडासमोर आला की हळूच म्हणतो, “ह्या बारशीला नक्की.” तिथं वाट खाचखळग्यांची आहे, सायकल उडते, घंटी वाजून देवाला कोंबडा आठवू नये म्हणून तो घंटीवर तळहात दाबून धरतो, आणि वळणापलीकडे गेल्याशिवाय उचलत नाही.